तेलाचा लाल दिवा काय सांगतो?

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर बरेच दिवे लागतात. त्यात एक लाल दिवा असतो, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत तो विझतो आणि आपणही त्याला विसरून जातो. पुष्कळांची अशी समजूत असते, की इंजिनात तेल किती आहे ते हा दिवा सांगतो. तसं नाही. तेल किती आहे ते डिपस्टिक सांगते. तेलाला पुरेसा दाब आहे की नाही, एवढंच हा दिवा सांगतो. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो समजला नाही तर इंजिन गमवावं लागतं.

आज मी बोलणार आहे ते एका विशिष्ट अडचणीबद्दल. इंजिनचं पूर्ण काम करून घेतलंय. बोअर झालं, क्रँक ग्राइंड झाली, नवीन बेअरिंग पडली, पैसे मोजले. गाडी चार-पाचशे किलोमीटर नीट चालली आणि मग एका संध्याकाळी सिग्नलला उभी असताना हा लाल दिवा मिणमिणायला लागला. आता काय करायचं? माझी सगळी उमेद गॅरेजमध्ये गेली, आणि या प्रश्नाला लोक किती तऱ्हेची उत्तरं देतात ते मी पाहिलं आहे. त्यातली बहुतेक चुकीची असतात. पण बरोबर उत्तर शोधण्याची एक रीत आहे. ती कळायला मिस्त्री असायला लागत नाही.

तेलावर तरंगणारी क्रँक

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सायकलच्या चाकातले छर्रे येतात. मोटारीच्या क्रँकशाफ्टला सहसा तसले छर्रे नसतात. तिथे असतात अर्ध्या बांगडीसारखे दोन गुळगुळीत तुकडे, त्यांना शेल म्हणतात. पाठीमागे पोलाद आणि आतून मऊ धातूचा थर. दोन शेल मिळून एक गोल होतो आणि त्या गोलात क्रँक फिरते. क्रँक ज्यांवर ब्लॉकमध्ये बसते ती मेन बेअरिंग. पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडलेले असतात ती बिग एंड बेअरिंग.

आता गंमत अशी, की इंजिन चालू असताना क्रँक त्या शेलला टेकतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पातळ पडदा असतो आणि क्रँक त्यावर तरंगते. ही गोष्ट माणसाच्या लक्षात आली ती जवळजवळ अपघातानेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचॅम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून बाहेर यायला लागलं. त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर ती खुंटीही बाहेर ढकलली गेली. मग तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि २०० पौंडांपर्यंतच्या दाबमापकाचा काटा शेवटच्या खुणेच्याही पुढे गेला. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून नेत होता, त्याची पाचर करत होता आणि त्या पाचरीवर स्वतः उचलला जात होता. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं सगळं शास्त्र त्या गणितावर उभं आहे.

म्हणजे क्रँकला उचलून धरण्याचं काम पंप करत नाही, क्रँकचं फिरणंच ते करतं. पंपाचं काम एवढंच, की त्या फटीत तेल कमी पडू द्यायचं नाही. फट तरी केवढी? ठोकळ हिशेब असा, की क्रँकच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. व्यास ५० मिलिमीटर असेल तर फट ०.०५ मिलिमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण एवढाच जाड असतो, कित्येकांचा याहून जाड. या केसाएवढ्या जागेत इंजिनचं आयुष्य सामावलेलं असतं.

पंप दाब तयार करत नाही

हे वाक्य ऐकून शिकाऊ पोरं माझ्याकडे संशयाने बघायची. पण ते खरं आहे. पंप तेल ढकलतो, दाब तयार होतो तो अडवणुकीमुळे. बागेतल्या रबरी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब उडतं. अंगठा काढला की पाणी पायाशी पडतं. पाणी तेवढंच, नळ तोच, फरक अंगठ्याचा.

इंजिनात तेल सगळ्यांत खालच्या भांड्यात, म्हणजे चेंबरमध्ये साठतं. तिथून जाळीतून पंप ते ओढतो आणि फिल्टरमधून ब्लॉकमधल्या मुख्य वाटेत सोडतो. तिथून ते मेन बेअरिंगना, क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडना, मग कॅमशाफ्टला आणि वर रॉकरला जातं. प्रत्येक बेअरिंगच्या कडेने ते थोडं थोडं गळतं आणि परत चेंबरमध्ये येतं. ही गळती व्हायलाच हवी, तिच्यामुळेच बेअरिंग गार राहतं. पण ती बेताची हवी. चाळीतल्या एकाच पाइपावरचे सगळे नळ एकदम पूर्ण सोडले तर शेवटच्या बिऱ्हाडात थेंब पडत नाही. तसंच इथे होतं.

आणि इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, दाब तोच धरला तर आठपट होते. फटीच्या घनाच्या प्रमाणात ती वाढते. म्हणून ०.०५ ची फट ०.०८ झाली, म्हणजे केवळ तीन शतांश मिलिमीटर वाढली, तरी गळती चौपट. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण दिव्याला कळतं.

दुसरी गोष्ट तेलाच्या पातळपणाची. २०डब्ल्यू-५० हे जुन्या पेट्रोल गाड्यांचं नेहमीचं तेल. ४० अंश सेल्सिअसला ते जेवढं दाट असतं, त्याच्या सुमारे आठ-नऊ पट पातळ ते १०० अंशांना होतं. म्हणून सकाळी थंड इंजिन जो दाब दाखवतं, त्यावर कधीच विश्वास ठेवू नये. इंजिनची खरी परीक्षा पूर्ण तापल्यावर, गाडी उभी असताना आणि इंजिन हळू चालत असताना होते. तेल सर्वांत पातळ आणि पंप सर्वांत संथ, ती ही वेळ. सिग्नललाच दिवा मिणमिणतो, तो यामुळे.

एका टॅक्सीची गोष्ट

१९९६ साली एक टॅक्सीवाले माझ्याकडे आले. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन. (३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर दिसत नाही, पण त्या काळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच.) पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी दुसरीकडे इंजिनचं काम करून घेतलं होतं. सहाशे किलोमीटर झाले आणि दिवा मिणमिणायला लागला. एकाने सांगितलं, जाड तेल टाका. दुसऱ्याने सांगितलं, पंप बदला. तिसरा म्हणाला, "दिव्याची वायर काढून टाका, नवीन इंजिनला असं होतंच." टॅक्सीवाल्यांचा प्रश्न सरळ होता, "मिस्त्री, गाडी चालवू की उभी करू? उभी केली तर हप्ता कुठून भरू?"

असा प्रश्न समोर आला की पहिल्यांदा आपल्या हाताला थांबवायचं. काही उघडायचं नाही. आधी मोजायचं. डिपस्टिक बघितली, तेल पुरेसं होतं. त्याला पेट्रोलचा वास नव्हता. तेलात पेट्रोल उतरलं तर तेल पातळ होतं, म्हणून वास घ्यायचा. मग दिव्याचा स्विच काढून त्या जागी घड्याळासारखा साधा दाबमापक लावला. स्विच खराब असला तरी दिवा लागू शकतो, आणि स्विच चांगला असला तरी तो फार थोडं सांगतो. दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली गेला की तो दिवा लावतो. वीस पौंडांचा आठ पौंड झाला तरी तो गप्पच.

मापकाने सांगितलं ते असं. थंड इंजिन, ४५ पौंड. गाडी तासभर फिरवून आणल्यावर हळू चालताना ५ पौंड. दोन हजार फेऱ्यांवर १५ पौंड. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा आहे, की तापलेल्या इंजिनला दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड तरी दाब हवा. इथे तो त्याहून कमी होता. दिवा खोटं बोलत नव्हता. गाडी उभी करायची होती.

मापकाचा काटा कसा वाचायचा

काटा कसा वागतो यावरून दोष कुठे असेल ते बरंचसं कळतं.

थंड असताना दाब चांगला आणि तापल्यावर खाली येतो, फेऱ्या वाढवल्या की थोडा वाढतो, तर बहुधा गळती जास्त आहे. म्हणजे बेअरिंगच्या फटी मोठ्या, नाहीतर तेल चुकीचं.

थंड असतानाही दाब कमी, तर आधी पंपाकडे बघा. पंपाचं झाकण झिजलं असेल, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, किंवा ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचं बूच परत बसवायचं राहिलं असेल. इंजिन धुताना ही बुचं काढतात आणि एखादं विसरतात.

काटा थरथरत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. जाळीच्या नळीचा जोड सैल आहे, तेल कमी आहे, किंवा इतकं जास्त आहे की क्रँक ते घुसळून त्याचा फेस करते.

हळू चालताना दाब बरा आणि फेऱ्या वाढवल्या की खाली, तर जाळी तुंबली आहे. नवीन इंजिनात जाळी कशी तुंबेल, असं तुम्ही विचाराल. चेंबरच्या कडेला सिलिकॉनचा लेप हात सैल सोडून लावला की जादा लेप आतही पिळून निघतो, त्याचे तुकडे पडतात आणि सरळ जाळीवर जाऊन बसतात.

आणि एक फसवी अवस्था आहे. दाब उत्तम, तरी बेअरिंग जळतंय. शेलमधलं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं नाही, किंवा क्रँकमधली वाट कचऱ्याने बंद आहे, तर तेल तिथपर्यंत पोचतच नाही. मापक आनंदात आणि बेअरिंग उपाशी.

अशा वेळी कान उपयोगी पडतो. मेन बेअरिंगचा आवाज जाड, खोल, धपधप असा येतो आणि चढावर, जोर पडला की वाढतो. बिग एंडचा आवाज त्याहून कडक, ठकठक, आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त ऐकू येतो. टॅपेटचा आवाज वरून येतो आणि क्रँकच्या निम्म्या गतीने, टिकटिक असा. जुन्या गाड्यांत एकेका सिलेंडरचा प्लग बंद करून बघायची रीत आहे. ज्या सिलेंडरचा प्लग बंद केल्यावर ठोका मंदावतो, त्याचं बिग एंड गेलेलं असतं. हे घरी करू नका, त्या वायरला जबरदस्त झटका असतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांत तर मुळीच नको, न जळलेलं पेट्रोल जाऊन सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

उघडल्यावर काय दिसलं

आमच्या टॅक्सीत आवाज अजून नव्हता. फिल्टर कापून बघितला. त्याच्या घड्यांत चकाकणारी बारीक भुकटी होती आणि ती चुंबकाला चिकटत नव्हती. चिकटली असती तर लोखंड, म्हणजे रिंग, कॅम असलं काही. न चिकटणारी चकाकी म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू. आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इंजिन उतरवून उलटं केलं. पहिल्यांदा पंप बघितला, तो ठीक होता. मग मेन बेअरिंगच्या टोप्या काढून क्रँक पुसून घेतली आणि प्लास्टिगेज वापरला. हा मेणासारखा एक बारीक धागा असतो. तो क्रँकवर ठेवायचा, टोपी ठरलेल्या ताकदीने टॉर्क पान्याने आवळायची, क्रँक न फिरवता परत सोडायची. धागा जितका चपटा झाला तितकी फट कमी. सोबतच्या कागदी पट्टीवर रुंदी जुळवून माप वाचायचं. बिग एंडच्या फटी ०.०५ निघाल्या, अगदी योग्य. मेनच्या तिन्ही फटी ०.०८. मायक्रोमीटरने खात्री केली. शेल पहिल्या साइझचे होते, म्हणजे पाव मिलिमीटर घासलेल्या क्रँकचे, पण लेथवर क्रँक त्याहून तीन शतांश जास्त घासली गेली होती. पंप निर्दोष, तेल निर्दोष, बेअरिंग कंपनी निर्दोष. फक्त मोजून न घेता जोडणी झाली होती.

उपाय एकच होता. मेनचे भाग दुसऱ्या साइझला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला घासायचे आणि त्या मापाचे शेल घालायचे. तसंच केलं. क्रँकची तेलाची भोकं बुचं काढून ब्रशने धुतली, कारण ग्राइंडिंगची कीस आणि दगडाची पूड तिथेच लपते. जोडणी झाल्यावर तापलेल्या इंजिनचा दाब हळू चालताना १८ पौंड आणि दोन हजार फेऱ्यांवर ४० पौंड आला. टॅक्सीवाल्यांचे चार दिवसांचे धंद्याचे पैसे गेले. ते त्याच दिव्यावर आणखी महिनाभर चालवत राहिले असते, तर शेल क्रँकला चिकटून फिरला असता, एखादा रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर आला असता, आणि कर्ज तेवढं फेडायला शिल्लक राहिलं असतं.

काढलेला शेलही वाचता येतो. सगळीकडे बारीक ओरखडे आणि त्यात रुतलेले कण, तर इंजिन नीट धुतलेलं नाही. मधला थर पुसल्यासारखा निघालेला, तर तेल पोचलेलं नाही. शेलच्या दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या विरुद्ध कडांवर घासण, तर कनेक्टिंग रॉड वाकडा. एकाच ठिकाणी चकाकता डाग आणि पाठीमागे त्याच जागी खूण, तर शेल बसवताना मागे कचरा राहिला. दोष शोधायचा असेल तर जुने शेल फेकू नयेत, क्रमाने मांडून ठेवावेत.

फसवे उपाय

जाड तेल टाकल्याने दाब वाढतो, दिवा विझतो. पण फट तेवढीच राहते आणि धातू झिजायचा थांबत नाही. शिवाय थंड इंजिनात जाड तेल पोचायला वेळ लागतो. ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्यातलाच हा प्रकार. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणं हा दुसरा आवडता उपाय. आता विचार करा. हा व्हॉल्व्ह दाब फार वाढला तरच उघडतो. पाच पौंडांना तो मुळातच बंद असतो. बंद दाराला आणखी कडी लावून काय होणार? फक्त थंड इंजिनात दाब भलताच वाढेल. आणि वायर काढून टाकण्याबद्दल काही बोलायलाच नको.

उलट टोकाची एक चूक हल्लीच्या गाड्यांत होते. आजच्या पुष्कळ इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखं पाण्यासारखं पातळ तेल सांगितलेलं असतं. मालकाला वाटतं, हे कसलं तेल, आणि तो जुन्या सवयीने जाड तेल घालायला सांगतो. त्या इंजिनच्या फटी, तेलाच्या वाटा आणि पंप त्या पातळ तेलासाठीच आखलेले असतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घालावं.

काम द्यायच्या आधी

शेवटी, इंजिनचं काम करून घेणाऱ्यांनी चार गोष्टी मिस्त्रीला विचाराव्यात. क्रँक ग्राइंड होऊन आल्यावर तुम्ही स्वतः मोजणार का आणि फटी लिहून देणार का? ब्लॉक आणि क्रँकमधल्या तेलाच्या वाटा बुचं काढून धुणार का? बेअरिंगच्या टोप्या आपापल्या जागी आणि आपापल्या दिशेने बसणार का? त्या ब्लॉकबरोबरच बोअर झालेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. आणि कॅमशाफ्टची बेअरिंग बघणार का? खाली सगळं नवीन आणि कॅमला जुनी झिजलेली बेअरिंग ठेवली, तर तेल तिथून पळून जातं आणि दोष उगाच क्रँकवर येतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना प्लग काढून ठेवून, स्टार्टरने थांबून थांबून फिरवून आधी दिवा विझू द्यावा, मगच प्लग लावून चालू करावं. पंपात आधी थोडं व्हॅसलीन भरलं तर तो तेल लवकर ओढतो. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलावा आणि तो फिल्टर कापून आत बघावं. नवीन रिंगांची थोडी लोखंडी धूळ असतेच. चुंबकाला न चिकटणारी चकाकी मात्र दिसता कामा नये.

आणि रस्त्यात लाल दिवा लागलाच, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तीन हजार फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरते. तेलाचा पडदा फाटल्यावर बेअरिंग जळायला एखादा मिनिटही पुरतो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, डिपस्टिक बघा. तेल असूनही दिवा लागत असेल तर गाडी ओढून न्या. ओढण्याचा खर्च क्रँकपेक्षा नेहमीच कमी असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)